डर्बनचा तिसरा दरवाजा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो. गिरगाव असो, गणपतीपुळे असो नाहीतर मिरामार, संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायची आपल्याला सवय. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात ही सवय मोडावी लागते. समुद्र आपलाच, हिंदी महासागर, पण तिथे तो शहराच्या पूर्वेला. सूर्य पाण्यातून वर येतो आणि आपण पहाटे पाचला उठून चौपाटी गाठतो.

माझा भाचा जोहान्सबर्गला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना मी आणि माझी पत्नी डिसेंबरात चार दिवस डर्बनला जाऊन आलो. डिसेंबर म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. त्यातून १६ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी. चौपाटीवर मुंगीला शिरायला जागा नाही. कुठे झुलू कुटुंबं सतरंज्या टाकून बसलेली. त्यांच्या शेजारी हिंदी वंशाची कुटुंबं, बरोबर बिर्याणीचं भलंमोठं पातेलं. पलीकडे लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी गोरी मुलं. हिजाब घातलेल्या बायका, साडी खोचून पाण्यात उतरलेल्या आज्या. हरवू नयेत म्हणून लहान मुलांच्या मनगटाला पालकांच्या फोन नंबरची पट्टी बांधलेली. आणि एक गोष्ट बघून आम्ही दोघं थबकलोच. देशाच्या आतल्या भागातून आलेले आफ्रिकी लोक रिकाम्या बाटल्यांत समुद्राचं पाणी भरून घेत होते. घरी नेणार, कुणी औषध म्हणून, कुणी श्रद्धेनं. पत्नी म्हणाली, "अहो, हे तर आपलं काशीचं गंगाजल झालं!"

सगळ्या रंगांची माणसं एका वाळूवर. पर्यटन खात्याच्या पत्रकात छापावं असं चित्र. मीही मनात म्हटलं, गांधीजींच्या कर्मभूमीत असं नाही तर कसं असणार?

इथे माझी ओळख सांगायला हवी. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. 'गांधीजी आणि दक्षिण आफ्रिका' हा धडा आला की मी दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहायचो: 'गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढा दिला.' मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि मी त्याला पूर्ण गुण द्यायचो. डर्बनमधल्या चार दिवसांच्या सुट्टीत माझं ते वाक्य चुकीचं ठरलं. कसं, ते आज सांगायचं आहे.

आधी हे शहर एवढं रंगीबेरंगी झालं कसं ते पाहू. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा या किनाऱ्याजवळून गेला. नाताळचा सण म्हणून त्यानं या भागाला 'नाताल' असं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी तो कालिकतला पोहोचला. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या इतिहासात एकच जहाज डोकावून गेलं. झुलू लोक या जागेला 'इथेक्विनी' म्हणतात, म्हणजे उपसागराची, खाडीची जागा. आज महापालिकेचं नावही तेच आहे. १८३५ मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथल्या केपच्या गव्हर्नरच्या, सर बेंजामिन डर्बनच्या नावावरून शहराचं बारसं केलं. १८४३ मध्ये ब्रिटिशांनी नाताल ताब्यात घेतलं.

किनाऱ्यालगतची जमीन आणि हवा उसाला मानवली. १८५० नंतर मळे उभे राहिले. ऊस कसा पैसा देतो आणि किती मजूर खातो, हे आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. पण मळेवाल्यांची अडचण अशी, की झुलू माणसाला स्वतःची जमीन होती, गुरं होती. दुसऱ्याच्या उसात राबायची त्याला गरज नव्हती. मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे बोट दाखवलं. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' नावाचं जहाज मद्रासहून डर्बनच्या बंदराला लागलं. त्यात ३४२ माणसं होती. दहाच दिवसांनी कलकत्त्याहून दुसरं जहाज आलं. १९११ पर्यंत अशी १,५२,१८४ माणसं नातालला नेली गेली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मद्रासच्या बाजूची, बाकीची उत्तरेकडची.

करार पाच वर्षांचा. पगार पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, मग दरवर्षी एकेक शिलिंग वाढ. शिधा मळेवाल्याचा. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचं झालं 'गिरमिट' आणि माणूस झाला 'गिरमिटिया'. त्या जहाजांच्या याद्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर. मग नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि अंगावरची खूण. डर्बनमधली अनेक कुटुंबं आज तो नंबर शोधून काढतात आणि त्यावरून आपलं गाव शोधत भारतात येतात. समुद्रापार गेलेल्या माणसाची जात विचारायला आपलं सरकार तिथेही विसरलं नव्हतं, हे मात्र मनाला लागतं.

आमच्या गाडीचा चालक अशाच कुटुंबातला होता. पणजोबा तमिळ मुलुखातून आलेले. स्वतःला तमिळ येत नाही, इंग्रजीच बोलतो, पण घरात मुरुगनची पूजा चुकत नाही. मला 'अंकल' आणि माझ्या पत्नीला 'आंटी' म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला जुन्या ग्रे स्ट्रीटवर नेलं. आता त्या रस्त्याला डॉ. युसूफ दादू यांचं नाव दिलं आहे. तिथे मोठी जुम्मा मशीद आहे, मसाल्यांची दुकानं आहेत, जुन्या साड्यांची पेढी आहे. या भागात वसले ते व्यापारी. त्यांना 'पॅसेंजर इंडियन' म्हणत, कारण ते गिरमिटावर नव्हे, स्वतःचं तिकीट काढून आले होते. बहुतेक गुजराती, मेमन. अशाच एका व्यापाऱ्याच्या दाव्याचं काम घेऊन १८९३ च्या मे महिन्यात एक तरुण बॅरिस्टर डर्बनला उतरला. त्याला पुढे पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं, ती गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो.

पण तिथेच, दुपारी चहा पिताना, चालकानं सहज एक गोष्ट काढली. "अंकल, पोस्टाच्या दाराची गोष्ट माहीत आहे ना?" मला माहीत नव्हती. संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर भाच्यानं दिलेला गांधीजींच्या समग्र लेखनाचा खंड काढून बसलो. गोष्ट खरी होती.

१८९४ मध्ये गांधीजींनी डर्बनमध्ये नाताल इंडियन काँग्रेस स्थापन केली. त्या वेळी डर्बनच्या पोस्टाला दोन दरवाजे होते. एक गोऱ्यांसाठी, दुसरा 'नेटिव्ह आणि आशियाई' यांच्यासाठी. म्हणजे झुलू माणूस आणि हिंदी माणूस एका दारानं आत जायचे. काँग्रेसनं सरकारशी पत्रव्यवहार केला. काय मागितलं असेल? सगळ्यांना एक दरवाजा? नाही. पत्रव्यवहाराचं फळ म्हणून हिंदी लोकांना वेगळा, तिसरा दरवाजा मिळाला. १८९५ च्या संस्थेच्या अहवालात गांधीजींनी हा निकाल अगदीच असमाधानकारक नाही, अशा अर्थानं नोंदवला आहे.

मी तो उतारा दोनदा वाचला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा गांधी. अजून 'महात्मा' व्हायचा होता. आपल्या माणसांचा अपमान थांबवायचा, एवढंच त्याला दिसत होतं. पण तो अपमान थांबवायचा मार्ग म्हणून झुलू माणसाच्या दारातून बाहेर पडणं त्याला रास्त वाटलं. माझ्या फळ्यावरच्या वाक्यात हे कुठे बसत होतं?

म्हणून गांधीजींचं धैर्य कमी होत नाही. १८९६ च्या शेवटी कस्तुरबा आणि मुलांना घेऊन ते मुंबईहून डर्बनला परत आले, तेव्हा मुंबईत प्लेग सुरू झाला होता. त्या निमित्तानं त्यांचं जहाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदराबाहेर अडवून ठेवलं. प्लेग हे कारण होतं खरं, पण गोऱ्यांच्या जमावाला हिंदी माणसंच नको होती. १३ जानेवारी १८९७ रोजी ते उतरले आणि जमावानं त्यांना रस्त्यात दगड-विटांनी, लाथा-बुक्क्यांनी मारलं. पोलीस अधीक्षकाची पत्नी, श्रीमती अलेक्झांडर, छत्री उघडून मध्ये उभी राहिली म्हणून ते वाचले. पारशी रुस्तमजींच्या घराला जमावानं वेढा घातला, तेव्हा शिपायाचा वेष घालून त्यांना निसटावं लागलं. आणि एवढं होऊनही मारणाऱ्यांवर खटला भरायला त्यांनी नकार दिला. ही गोष्ट मी शिकवत होतो आणि ती खरीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी चालकाला म्हटलं, "आज फिनिक्स आश्रम." तो आनंदानं तयार झाला. मग मी नकाशात बघून म्हटलं, "जवळच ओहलांगे म्हणून शाळा आहे, तिथेही जाऊ." तो जरा गप्प झाला. "तिथे कशाला अंकल? टूरिस्ट लोक फिनिक्स बघतात आणि परत येतात." मी आग्रह धरला. नाइलाजानं हो म्हणाला.

डर्बनच्या उत्तरेला इनांडा नावाचा डोंगराळ, दाट वस्तीचा भाग आहे. १९०४ मध्ये गांधीजींनी तिथे शंभर एकर जमीन घेऊन फिनिक्स वसाहत उभी केली. रस्किनचं पुस्तक वाचून त्यांना ही कल्पना सुचली. १९०३ मध्ये सुरू झालेलं 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक मग तिथून निघू लागलं. आज तिथे गांधीजींचं 'सर्वोदय' नावाचं घर आहे, पण ते मूळचं नाही. १९८५ च्या ऑगस्टमध्ये इनांडात दंगल उसळली, हिंदी कुटुंबं घरं सोडून पळाली आणि आश्रम जळाला. पुन्हा बांधून तो २००० साली खुला झाला. त्या घराच्या ओट्यावर बसून समोर बघितलं की टेकड्यांवर पसरलेली आफ्रिकी वस्ती दिसते. पत्र्याची घरं, वाळत घातलेले कपडे, खेळणारी पोरं.

आणि पायी जाता येईल इतक्या अंतरावर ओहलांगे. ही शाळा जॉन लंगालिबालेले ड्यूबे या झुलू शिक्षकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थापन केली. मुलांनी हातानं काम करावं, कारागिरी शिकावी आणि ताठ मानेनं जगावं, हा तिचा हेतू. आपल्या कर्मवीर भाऊरावांची आठवण व्हावी असा माणूस. ड्यूबेंनीही १९०३ मध्येच झुलू भाषेत 'इलांगा' हे वृत्तपत्र काढलं. म्हणजे बघा, एकाच वर्षी दोन वृत्तपत्रं आणि एकाच माळावर दोन शेजारी. ८ जानेवारी १९१२ रोजी जी संघटना स्थापन झाली, जी पुढे 'आफ्रिकन नॅशनल काँग्रेस' म्हणून ओळखली गेली, तिचे पहिले अध्यक्ष हेच ड्यूबे. २७ एप्रिल १९९४ ला नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत द्यायला हीच शाळा निवडली. मत देण्याआधी ते ड्यूबेंच्या समाधीजवळ गेले आणि देश आता स्वतंत्र झाला, हे त्यांना सांगून आले.

तिथे माहिती सांगायला एक झुलू तरुणी होती. अतिशय अदबीनं तिनं सगळं दाखवलं. शेवटी मी विचारलं, "भारतीय लोक खूप येत असतील ना इथे?" ती हसली. म्हणाली, "फिनिक्सला येतात सर. तुम्ही तिथून इकडे आलात. बहुतेक जण तिथूनच मागे वळतात." मग थांबून तिनं विचारलं, "तुमच्या देशात शाळेत ड्यूबेंबद्दल शिकवतात का?"

तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला याहून अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. "नाही. मीही नाही शिकवलं."

मी तिला पोस्टाच्या दाराबद्दलही विचारलं. तिला ती गोष्ट माहीत होती. ती रागावली नाही. तिनं सांगितलं ते साधारण असं: दोघं शेजारी होते, एकमेकांना ओळखत होते, मान देत होते, पण दोघांची वाट वेगळी होती. गांधी हिंदी लोकांसाठी लढत होते. ड्यूबेही आपल्या वृत्तपत्रात हिंदी व्यापाऱ्यांवर टीका करत. कारण गोऱ्या सरकारनं एकाची भाकरी दुसऱ्याच्या तोंडासमोर धरली होती. गांधीही बदलत गेले. १९०६ च्या झुलू उठावात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली, झुलू माणसांच्या पाठीवरचे फटक्यांचे वळ पाहिले. १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या एका भाषणात त्यांनी सगळे वंश एकत्र मिसळून नवी संस्कृती घडेल, असं स्वप्न बोलून दाखवलं. पण चळवळीचे दरवाजे मात्र वेगळेच राहिले.

आणि मग तिनं भिंतीकडे बोट करून सांगितलं, की १९१२ मध्ये गांधी आपल्या एका पाहुण्याला घेऊन ही शाळा दाखवायला आले होते, मुलांनी त्या पाहुण्यासाठी झुलू गाणी म्हटली होती. पाहुण्याचं नाव तिला नीट उच्चारता येईना. मी म्हटलं, "गोखले?" ती म्हणाली, "हो, तेच."

श्रोतेहो, माझ्या अंगावर काटा आला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले! रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेला, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवलेला माणूस फिनिक्सहून ओहलांगेला गेला होता. तो मागे वळला नव्हता.

गोखले १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत होते. या दौऱ्याची एक गोड आठवण गांधीजींनी लिहून ठेवली आहे. तिथल्या कोकणी मुसलमानांना आणि मराठी लोकांना गोखल्यांचं भाषण मराठीत ऐकायचं होतं. गांधीजी म्हणाले, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखले खळखळून हसले. तुमचं हिंदुस्थानी मला माहीत आहे, आता हे मराठी कुठून शिकलात, असं त्यांनी विचारलं. पण शेवटी शिष्याच्या हट्टापुढे गुरूनं मान तुकवली. त्यानंतर थेट झांझिबारपर्यंत गोखले मराठीत बोलत गेले आणि गांधीजी दुभाषी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सभासभांत मराठी घुमली आणि ती आपल्यापर्यंत पोहोचवायला एक गुजराती माणूस उभा होता!

गोखले गेले होते ते मुख्यतः तीन पौंडांच्या करासाठी. करार संपल्यावर जो मजूर मायदेशी परत जाणार नाही किंवा नवा करार करणार नाही, त्याच्यावर १८९५ च्या कायद्यानं वर्षाला तीन पौंड कर बसवला होता. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. गिरमिटाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या हिशोबानं सहा महिन्यांची कमाई. तीही बायको आणि वयात आलेली मुलं यांच्यासाठी वेगळी. गोखले मंत्र्यांना भेटले, कर जाईल असं आश्वासन मिळाल्याच्या समजुतीनं परतले. सरकारनं मात्र आपण असं काही कबूल केलंच नाही, अशी भूमिका घेतली. मग १९१३ चा तो मोठा सत्याग्रह झाला. कोळशाच्या खाणीतले आणि किनाऱ्यावरच्या उसाच्या मळ्यांतले हजारो मजूर काम टाकून बाहेर पडले. १९१४ मध्ये कर रद्द झाला. त्याच वर्षी गांधीजींनी दक्षिण आफ्रिका सोडली.

परतीच्या वाटेवर चालक बराच वेळ बोलला नाही. मग स्वतःहून सांगू लागला. त्याच्या आजोबांचं घर केटो मॅनर भागात होतं. १३ जानेवारी १९४९ ला शहरात एका हिंदी दुकानदारानं एका आफ्रिकी मुलाला मारलं, त्या ठिणगीवरून दंगल पेटली. तीन दिवसांत १४२ माणसं मेली. त्यांत हिंदी होते, पण सर्वांत जास्त आफ्रिकीच होते, कारण पोलीस आणि लष्कराच्या गोळ्या त्यांच्यावर चालल्या. दोनच वर्षांपूर्वी, १९४७ मध्ये, डॉ. झुमा, डॉ. दादू आणि डर्बनचे डॉ. नायकर या तिघांनी आफ्रिकी आणि हिंदी चळवळींनी एकत्र लढायचा करार केला होता. 'डॉक्टरांचा करार' म्हणून तो प्रसिद्ध आहे. दंगलीनं तो मोडेल असं अनेकांना वाटलं, पण नेत्यांनी धीर सोडला नाही. १९५२ च्या कायदेभंगात दोन्ही समाजांचे सत्याग्रही एकत्र तुरुंगात गेले. दारं अशी एक होऊ लागली.

सरकारनं मात्र नवी दारं बांधली. १९५० च्या 'ग्रुप एरियाज' कायद्यानं कुणी कुठे राहायचं हे रंगावरून ठरलं. केटो मॅनर उठवलं गेलं. आफ्रिकी लोकांना क्वामाशू आणि उमलाझीला पाठवलं, हिंदी लोकांना चॅट्सवर्थला आणि पुढे फिनिक्स नावाच्याच नव्या वसाहतीत. आश्रमाचं नाव एका वर्णभेदी वसाहतीला मिळालं!

"आणि चौपाटी?" मी विचारलं. तो हसला. त्याच्या लहानपणी चौपाटीचे तुकडे केलेले होते. मोक्याचा भाग गोऱ्यांचा. 'हा भाग फक्त गोऱ्या वंशाच्या लोकांसाठी राखीव' अशी तीन भाषांतली पाटी. तो म्हणाला, "अंकल, आम्ही त्या पाटीच्या अलीकडे उभे राहून गोऱ्या मुलांची घसरगुंडी बघायचो." १९८९ मध्ये लोकांनी मुद्दाम राखीव किनाऱ्यांवर उतरून निदर्शनं केली. त्या वर्षअखेरीला किनारे सगळ्यांना खुले झाले आणि १९९० मध्ये तो वेगवेगळ्या सोयींचा कायदाच रद्द झाला. म्हणजे १६ डिसेंबरला मी जे रंगीबेरंगी चित्र बघून भारावलो होतो, ते चित्र माझ्या मुलीच्या वयाचंसुद्धा नाही.

मग त्यानं जे सांगितलं ते सांगायला त्याला कष्ट पडले. तो फिनिक्स वसाहतीत राहतो. जुलै २०२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष झुमा यांना तुरुंगात टाकल्यावर दंगली आणि लुटालूट सुरू झाली. देशभर ३५० हून अधिक माणसं मेली. फिनिक्समध्ये लोकांनी रस्त्यांवर अडथळे उभे केले, पहारे बसवले. तिथे ३६ जण मारले गेले, बहुतेक आफ्रिकी. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी मीही उभा होतो. पोलीस नव्हते. घरात बायको, मुलं. भीती खरी होती. पण जो काळा माणूस कामावरून घरी चालला होता, त्याचा काय गुन्हा?" बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही. सकाळी ओहलांगेला यायला तो का कचरत होता, ते मला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी जेवायला त्यानं आम्हाला 'बनी चाव' खायला नेलं. नाव ऐकून पत्नी घाबरली, पण त्यात ससा नसतो. पाव मधून पोखरायचा आणि त्यात झणझणीत रस्सा भरायचा. राजम्याचाही मिळतो. त्याच्या जन्माच्या कथा अनेक आहेत. त्यातली एक अशी, की ग्रे स्ट्रीटवरच्या हिंदी खाणावळीत आफ्रिकी माणसाला बसून खायची बंदी होती, म्हणून मागच्या दारानं त्याला पावातच रस्सा भरून देत. कथा खरी असो-नसो, डर्बनच्या सर्वांत लाडक्या खाण्याच्या मागेही लोक एक मागचं दार सांगतात, हे विसरता येत नाही. आज मात्र तोच पाव सगळे एकाच बाकावर बसून, हातानं मोडून खातात.

जाताना किंग्जमीडचं मैदान लागलं. मराठी माणसाला तिथे थांबावंच लागतं. वर्णभेदामुळे बहिष्कृत झालेल्या दक्षिण आफ्रिकेत पुन्हा पहिली कसोटी झाली ती याच मैदानावर, नोव्हेंबर १९९२ मध्ये, आणि पाहुणा संघ होता भारत. आपल्या प्रवीण आमरेनं पदार्पणातच १०३ धावा काढल्या. आपला सचिन तिसऱ्या पंचानं धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. आणि यजमानांकडून ओमर हेन्री हा गोरा नसलेला खेळाडू कसोटीत उतरला. मी हे सांगत असताना चालक म्हणाला, "अंकल, त्या मॅचला मी होतो. वडिलांनी नेलं होतं. त्यांना कुणाच्या बाजूनं ओरडावं तेच कळत नव्हतं!"

विमानतळावर जायच्या आधी आम्ही पुन्हा चौपाटीवर गेलो. तीच गर्दी, तेच ऊन. या वेळी मला ती वाळू वेगळी दिसली. चार दिवसांपूर्वी मला वाटलं होतं, निरनिराळी माणसं जवळ आली की ती आपोआप एक होतात. तसं नसतं. इथली माणसं आणली गेली, वेगळी ठेवली गेली, एकमेकांवर घातली गेली. त्यातून ती जितकी जवळ आली, ती कुणीतरी प्रत्येक वेळी आपल्या दारातून बाहेर पडून शेजारच्या दारापर्यंत गेल्यामुळे. आणि २०२१ नं दाखवलं की ते काम संपलेलं नाही.

मी आता निवृत्त आहे. फळ्यावरचं ते वाक्य पुसायला माझ्याकडे वर्ग नाही, म्हणून नभोवाणीची मदत घेतो आहे. माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील, तर त्यांनी आपल्या वहीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी: गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांच्या हक्कांसाठी लढा दिला. आफ्रिकी लोकांचा लढा शेजारच्याच माळावर, जॉन ड्यूबे यांच्यासारखे लोक लढत होते. ती दोन दारं एक व्हायला आणखी कित्येक वर्षं लागली.

आणि कधी डर्बनला गेलात, समुद्रावर जरूर जा, बनी चाव जरूर खा, फिनिक्सला नमस्कार करा. पण तिथून मागे वळू नका. पुढे ओहलांगेपर्यंत जा. आपले गोखले गेले होते.